गढूळ पाण्यातील चेहरा

उपासक-उपासिकांनो,

पंचशील, अष्टांगिक मार्ग, बावीस प्रतिज्ञा यांवर आपण या ठिकाणी पुष्कळदा विचार केला आहे. आज मी एका आजाराविषयी बोलणार आहे. हा आजार आपल्या घरांत आहे, पण त्याचे नाव कोणी घेत नाही. घरातला माणूस हळूहळू गप्प होतो. अन्न गोड लागत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. पूर्वी ज्यात जीव रमत होता त्यात मन लागत नाही. हे आठवडेच्या आठवडे चालते आणि तोंडातून एकच वाक्य येत राहते, "माझा कुणाला काही उपयोग नाही." डॉक्टर याला नैराश्याचा आजार म्हणतात, आपली शिकलेली मुले डिप्रेशन म्हणतात. आपण मात्र त्याला आळस म्हणतो, सोंग म्हणतो, नाहीतर बाहेरचे काहीतरी लागले म्हणतो.

या आजारात माणसाचे मन स्वतःविषयी जे सांगते, ते खरे मानावे काय? आजच्या प्रवचनाचा प्रश्न एवढाच आहे.

आमच्या विहारात नेमाने येणारी एक उपासिका होती. तिचे नाव सांगत नाही. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चाले, तेव्हा ती पहिल्या रांगेत बसे. एका वर्षी ती येईनाशी झाली. चार रविवार वाट पाहिली आणि मी तिच्या घरी गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. शिवणयंत्रावर कापड टाकून ठेवले होते. मी विचारले, "ताई, विहारात येत नाही हल्ली?" ती म्हणाली, "गुरुजी, मी विहारात यायच्या लायकीची नाही. माझ्या हातून आयुष्यात एक गोष्ट धड झाली नाही."

मी म्हटले, असे कसे? तर ती एकेक मोजू लागली. मुलगा दहावीत गणितात नापास झाला, आपण लक्ष दिले नाही म्हणून. आई वारली तेव्हा आपण जवळ नव्हतो. पंधरा वर्षांपूर्वी नणंदेला एक शब्द लागेल असा बोललो. सारे तिच्या जिभेवर होते. मी म्हटले, "आणि पोरीला नर्सिंगला घातलंत ते? रात्र रात्र मशीन चालवून फी कुणी भरली?" मी जणू दुसऱ्याच कुण्या बाईची हकिगत सांगत आहे, अशा नजरेने ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "ते काय, कुणीही केलं असतं."

बंधूंनो, ती खोटे बोलत नव्हती, हे मी तेव्हाच ओळखले. तिला ते खरोखरच तसे दिसत होते.

आता तथागतांच्या काळात या. संगारव नावाचा एक ब्राह्मण भगवंतांकडे आला आणि त्याने एक प्रश्न विचारला. दीर्घकाळ घोकलेले मंत्रसुद्धा कधी कधी आठवत नाहीत, आणि न घोकलेलेही कधी कधी सहज आठवतात, याचे कारण काय? संयुत्त निकायात हा संवाद आहे. भगवंतांनी त्याला देवाचा कोप सांगितला नाही, ग्रहदशा सांगितली नाही. त्यांनी त्याच्यापुढे पाण्याची भांडी मांडली. एका भांड्यातील पाण्यात लाख, हळद, नीळ असे रंग मिसळले आहेत. दुसऱ्यातील पाणी आगीवर खदखदत आहे. तिसऱ्यावर शेवाळ चढले आहे. चौथ्यातील पाणी वाऱ्याने हेलकावत आहे. पाचवे गढूळ आहे, आणि वर ते अंधारात ठेवले आहे. चांगली दृष्टी असलेला माणूस या भांड्यांत वाकून आपले मुख पाहू लागला, तर ते त्याला जसे आहे तसे दिसेल काय? दिसणार नाही. मनावर कामच्छंद, व्यापाद, थीनमिद्ध, उद्धच्च-कुक्कुच्च आणि विचिकिच्छा ही पाच आवरणे आली, म्हणजे माणसाला स्वतःचे हित दिसत नाही, दुसऱ्याचे हित दिसत नाही आणि पाठ केलेलेही आठवत नाही.

या दृष्टांतात भगवंत चेहऱ्याला दोष देत नाहीत आणि डोळ्यालाही देत नाहीत. चेहरा जसा होता तसाच आहे, डोळेही शाबूत आहेत. बिघाड पाण्यात आहे. आणि मनाचे पाणी बिघडले की दोन गोष्टी बिघडतात, एक स्वतःचे दर्शन आणि दुसरी आठवण.

पाच आवरणे म्हणजेच नैराश्याचा आजार, असे समीकरण मी मांडत नाही. आवरणे तुम्हा-आम्हा सर्वांच्या मनावर येतात आणि जातात. नैराश्य हा आजार आहे, त्याला वैद्यकीय उपचार आहेत. परंतु आजारी मनाला स्वतःचे मुख कसे दिसते, हे समजण्यासाठी या भांड्यांइतका चांगला दृष्टांत मला ठाऊक नाही. आणि गेल्या साठ वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी जे शोधून काढले, ते या दृष्टांताला धरूनच आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी डॉ. आरन बेक (१९२१-२०२१) नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. रुग्णांचे बोलणे बारकाईने ऐकताना त्यांच्या ध्यानात आले की या रुग्णांचे दुःख केवळ भावनेत नसते, त्यांच्या विचारालाच एक ठरावीक वळण लागलेले असते. मी नालायक आहे, जग माझ्या विरुद्ध आहे, पुढे काही चांगले व्हायचे नाही. स्वतः, जग आणि भविष्य, तिन्हींवर तोच काळा रंग. १९६७ साली त्यांनी या आजारावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी विचारातील चुकाही दाखवल्या. एका घटनेवरून साऱ्या आयुष्याचा निकाल लावणे, ही एक चूक. दहा गोष्टींतून वाईट तेवढी एक उचलणे, ही दुसरी. आपले यश तिळाएवढे आणि आपली चूक डोंगराएवढी पाहणे, ही तिसरी. आमच्या उपासिकेने या तिन्ही केल्या होत्या. तिने बेक यांचे नावही ऐकले नव्हते.

१९८१ साली कॅनडातील डेरी आणि कायपर या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. नैराश्याच्या रुग्णांना आणि इतरांना माणसाच्या स्वभावाचे वर्णन करणारे शब्द दाखवले, काही उदास, काही आनंदी. काही शब्दांबद्दल विचारले, हा शब्द तुम्हांला लागू पडतो काय? काही शब्दांबद्दल फक्त त्यांच्या अर्थाविषयी किंवा अक्षरांविषयी विचारले. मग अचानक सांगितले, आता आठवतील तेवढे शब्द सांगा. ज्या शब्दांचा संबंध स्वतःशी जोडायला लावला होता, त्यांतले उदास शब्द रुग्णांच्या अधिक ध्यानात राहिले. निरोगी माणसांच्या ध्यानात आनंदी शब्द राहिले. आणि जिथे स्वतःचा प्रश्नच नव्हता, तिथे हा फरक दिसला नाही. म्हणजे रुग्णाची स्मरणशक्ती सरसकट वाईट बाजूला झुकलेली नव्हती. 'मी' हा शब्द मध्ये आला की ती झुकत होती.

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, इंग्लंडमधील क्लार्क आणि टीसडेल यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. या आजारात काहींची मनःस्थिती एकाच दिवसात वरखाली होते, उदाहरणार्थ सकाळ जड जाते आणि संध्याकाळी थोडे हलके वाटते. त्यांनी अशाच रुग्णांच्या आठवणी दिवसाच्या दोन्ही वेळांना तपासल्या. मन अधिक खिन्न असताना दुःखाच्या आठवणी अधिक वर आल्या आणि सुखाच्या कमी झाल्या. मन थोडे हलके असताना त्याच माणसाला सुखाच्या आठवणी अधिक सापडल्या. विचार करा! माणूस तोच, आयुष्य तेच, दिवसही तोच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याचा भूतकाळ काही बदलला नव्हता. पाणी तेवढे बदलले होते.

म्हणून खिन्न माणूस म्हणतो, "मी माझे सगळे आयुष्य तपासून पाहिले, त्यात काही नाही", तेव्हा त्याने तपासले हे खरे आहे. पण ज्या हाताने कपाट उघडले, त्या हाताला काळे कपडे तेवढे लागत होते. कपाटात पांढरे कपडे नव्हतेच, असा त्याचा अर्थ होत नाही.

येथे कोणी म्हणेल, गुरुजी, माणूस चुकतोही ना? मग चूक मान्य करणे वाईट काय? वाईट नाही. चूक चूक म्हणून पाहणे, ती बोलून दाखवणे आणि पुढे ती न करण्याचा निश्चय करणे, याला धम्मात मान आहे. अंगुलिमालासारख्यालाही भगवंतांनी वाट दिली. परंतु "मी नणंदेला टोचून बोलले" हे एक कृत्य आहे. त्याला दिवस आहे, जागा आहे, आणि जाऊन क्षमा मागितली की त्याला शेवटही आहे. "मी वाईट आहे" याला दिवस नाही, जागा नाही आणि शेवटही नाही. पहिली लाज माणसाला सुधारते. दुसरी त्याला केवळ कुरतडते. भगवंतांनी या कुरतडण्याला कुक्कुच्च म्हटले आणि त्याची गणना सद्गुणांत केली नाही, आवरणांत केली.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासा. आपण हा उपदेश पोथ्यांना लावतो, पुरोहितांना लावतो. तो आपल्या स्वतःच्या मनालाही लावला पाहिजे. मन एखादी गोष्ट हजार वेळा सांगते, म्हणून ती खरी होत नाही. मन रडून सांगते, म्हणूनही होत नाही.

आणि आपल्याला हे कोणी शिकवण्याची गरज आहे काय? आपल्या वाडवडिलांना शेकडो वर्षे सांगण्यात आले, तुम्ही हीन आहात. इतके सांगण्यात आले की पुष्कळांनी ते स्वतःच स्वतःला सांगायला सुरुवात केली. सुनीत हा झाडणारा होता. भगवंत भिक्षुसंघासह येत आहेत असे पाहून तो बाजूला सरला आणि हात जोडून भिंतीला चिकटून उभा राहिला, कारण आपली जागा तीच असे त्याला जगाने पटवले होते. भगवंत त्याच्याजवळ थांबले आणि त्यांनी त्याला संघात घेतले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो माणसांना तेच दिले. जगाने आपल्यावर मारलेला शिक्का म्हणजे आपण नव्हे, हे त्यांनी आपल्याला सांगितले आणि आपण ते मानले. मग आजारी मन आतून तसाच शिक्का मारू लागले, तर आपण मुकाट्याने मान खाली घालायची काय?

परंतु येथे सावध राहा. असे म्हणताना आपण रुग्णालाच दोष देऊ लागतो. "दीक्षा घेतलीस आणि रडतोस? बाबासाहेबांनी किती सोसले, ते बघ!" हे वाक्य मी आपल्या घरांत ऐकले आहे. ते बोलू नका. दुःख होणे हा धम्मद्रोह नाही. १९२६ च्या जुलैत राजरत्न हा मुलगा गेला तेव्हा बाबासाहेब पुत्रशोकाने खचले होते. शोक ही आसक्ती असेल, पण तो अपराध नाही. आणि नैराश्य शोकाहून वेगळे आहे. काही घराण्यांत ते अधिक आढळते. कधी बाळंतपणानंतर येते, कधी दीर्घ आजारानंतर, कधी कर्ज, बेकारी, एकटेपणा आणि अपमान यांतून. जातीचा अपमान रोज गिळणाऱ्या तरुणाला ते आले, तर त्यात त्याची दुर्बलता शोधू नका. ज्या रुग्णाला मन आधीच "तू नालायक" म्हणत आहे, त्याला घरच्यांनीही तेच सांगितले, तर साक्षीदार एकाचे दोन झाले.

त्याला मागच्या जन्माचे पापही सांगू नका. माणसाची आजची दुःखस्थिती पूर्वजन्मीच्या कर्मावर ढकलणे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये नाकारले आहे. त्याला भगताकडे, देवऋषीकडे, अंगात येणाऱ्याकडे नेऊ नका. भूत उतरवण्याच्या नावाने माणसाला बांधणे, मारणे हा आपल्या महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपण ते दरवाजे प्रतिज्ञापूर्वक बंद केले आहेत. आजारपणाच्या भीतीने मागच्या दाराने पुन्हा आत जाऊ नका.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. त्या उपासिकेला मी प्रथम काय सांगितले? "ताई, रोज सकाळ-संध्याकाळ तासभर आनापानसति करा, मन शांत होईल." आठ दिवसांनी तिचे यजमान आले. म्हणाले, "गुरुजी, ती तासभर डोळे मिटून बसते आणि रडत उठते." मला वाईट वाटले. मग मी संयुत्त निकायच पुन्हा उघडला. बोज्झंगांच्या उपदेशात भगवंत म्हणतात की मन लीन झाले असेल, मंदावले असेल, तेव्हा शांती, समाधी आणि उपेक्षा यांची भावना करण्याची ती वेळ नव्हे. विझत आलेल्या लहानशा आगीवर ओले गवत टाकले तर ती पेटेल काय? त्या वेळी धम्मविचय, वीर्य आणि प्रीती यांची भावना करावी, कोरडे गवत घालावे, फुंकर घालावी. मी विझणाऱ्या आगीवर ओले गवत टाकले होते.

स्मृतीची साधना या आजारात उपयोगी नाही, असे नाही. वर ज्या टीसडेल यांचे नाव घेतले, त्यांनी दोन सहकाऱ्यांसह सतिपट्ठानाच्या अंगाने जाणारी एक उपचारपद्धती तयार केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, ज्यांना हा आजार तीन किंवा अधिक वेळा होऊन गेला होता, अशांपैकी नेहमीचेच उपचार मिळालेल्या ६६ टक्के लोकांना तो पुन्हा झाला. ज्यांना ही साधनाही शिकवली, त्यांच्यात हे प्रमाण ३७ टक्के होते. पण ध्यानात घ्या, ती माणसे त्या वेळी बरी झालेली होती आणि त्यांना जाणकार शिकवत होते. आजार भरात असताना प्रथम डॉक्टर, मग बाकीचे.

त्या साधनेचे सार चित्तानुपस्सनेत आहे. चित्त संकुचित आहे तर संकुचित आहे असे जाणणे. "मी नालायक आहे" आणि "मी नालायक आहे असा विचार मनात आला आहे", या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे पाहा! पहिल्यात माणूस पाण्यात बुडाला आहे. दुसऱ्यात तो काठावर उभा राहून म्हणतो, आज पाणी गढूळ आहे.

मग घरच्यांनी काय करावे? सरकारी रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे, आणि स्वतः बरोबर जावे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात; दोन दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत. भारत सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते. माणूस "आता नको वाटतं" असे बोलू लागला, तर ऐकले न ऐकलेसे करू नका. जीव द्यावासा वाटतो काय, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट आतले बाहेर येते. त्याला एकटे सोडू नका, औषधे, कीटकनाशके घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षेचा नव्हे, उपचाराचा अधिकारी मानले आहे.

आणि एक काम आपणच करू शकतो. खिन्न मनाला आयुष्य गोळाबेरीज आठवते, एकेक प्रसंग वेगळा आठवत नाही, असेही संशोधकांना आढळले आहे. म्हणून "तू किती चांगली आहेस" अशी स्तुती करू नका, ती आत शिरत नाही. दिवस, जागा, माणूस यांसह एकच प्रसंग सांगा. गढूळ पाण्यात ज्याला आपला चेहरा दिसत नाही, त्याच्याजवळ बसून आपण पाहिलेले सांगणे, हे कल्याणमित्राचे काम आहे.

त्या उपासिकेच्या मुलीने तेच केले. आईला ती जिल्हा रुग्णालयात घेऊन गेली, औषधे सुरू झाली. रोज संध्याकाळी ती एका वहीत आईच्या देखत एकच ओळ लिही. आज आईने डाळ निवडली. आज आई कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत आली. आज आईने शेजारच्या पोराचे बटण लावले. आई पहिले कित्येक दिवस म्हणे, "हे काय लिहायचं?" मुलगी म्हणे, "मी खरं तेवढंच लिहिते, आई. खोटं असेल तर खोड." आईला एकही ओळ खोडता आली नाही. हेच ते कोरडे गवत.

पाच महिन्यांनी ती विहारात आली आणि शेवटच्या रांगेत बसली. वंदना झाल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, अजून सकाळी मन तेच सांगतं. पण आता मी त्याला म्हणते, थांब, वही बघू दे."

उपासक-उपासिकांनो, आज घरी जाल तेव्हा आपल्या घरात गप्प बसलेले कोणी आहे काय, ते पाहा. असेल, तर उपदेश करू नका. शेजारी बसा. नंतर एक वही आणा.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!